ज्याची चड्डी मळत नसे

स्लावो गेल्याची बातमी आली तेव्हा मी शेरी मासा साफ करत होते. शुक्रवार होता. माझा मुलगा नासिर गल्फमध्ये जुबैलला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो, गेली तीन वर्षं मी त्याच्याकडे असते. जुम्म्याची नमाज पढून तो घरी आला, चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मी, स्लावो गेला. त्याच्या गावी, सर्बियात. हार्ट अटॅक." मग हळूच इन्ना लिल्लाह म्हणाला. त्याचे अब्बा गेले तेव्हाही तो हाइलच्या घरात असाच चपलांसकट आत आला होता… मी म्हटलं, "अल्लाची मर्जी. चपला काढ." आणि मासा पुरा केला. मासा अर्धा टाकून उठलं की घरभर वास सुटतो.

संध्याकाळपर्यंत नासिरच्या फोनला उसंत नव्हती. हाइलच्या ज्या फुटबॉल क्लबातून स्लावो पाच वर्षं खेळला, त्या क्लबाने त्याचा काळापांढरा फोटो लावला. ज्यांच्या मिशा तेव्हा फुटल्याही नव्हत्या ते आता पोट सुटलेले लोक गाडीत बसून रडतानाचे व्हिडिओ पाठवत होते. आमचा केरळचा भाजीवाला मला म्हणाला, "अम्मा, आपका हाइलवाला स्लावो चला गया." मी म्हटलं, "मेरा नहीं था. टमाटर ठीक से तौलो." माझी नात सना इंग्रजी शाळेत जाते, मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते. तिने विचारलं, "दादी, आप उनको जानती थीं?" मी म्हटलं, "त्याच्या चड्ड्या धुतल्यात मी." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

मला त्या दिवशी दुःख झालं नाही, हेवा वाटला. खोटं कशाला लिहू. माझे मालक हसनमियाँ, नासिरचे अब्बा, त्याच क्लबात सत्तावीस वर्षं कामाला होते. खेळाडूंचे कपडे धुणं, बूट पुसणं, चेंडूंत हवा भरणं, सामन्याआधी कोणाच्या पायाला पट्टी बांधणं, हे त्यांचं काम. तीन वर्षांपूर्वी ते हाइललाच वारले तेव्हा मातीला अकरा माणसं होती. क्लबातून खजुराचा एक खोका आला आणि एक चिठ्ठी आली, त्यात नाव हसनच्या जागी हुसेन लिहिलेलं. आणि हा पाच वर्षं राहून गेलेला परदेशी माणूस तिकडे हजारो कोसांवर मेला, तर अख्खं शहर गाडी बाजूला घेऊन रडत होतं.

तो आला तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी नासिरचे अब्बा जेवताना बोलले. हा माणूस जेवताना बोलायचा नाही. आम्ही रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, बोलायचं ते जेवून हात धुतल्यावर, ही त्यांच्या घरची रीत. त्या दिवशी घास हातात धरून म्हणाले, "अगो, आज एक नवीन खेळाडू आला. त्याने मोजे सुलटे करून दिले." मला कळेना यात सांगण्यासारखं काय. तेव्हा त्यांनी समजावलं. सामना संपला की खेळाडू अंगावरचे कपडे ओरबाडून काढतात आणि तसेच उलटे, घामाचे, चिखलाचे गोळे करून टोपलीत फेकतात. पंधरावीस माणसांचे मोजे एकेक करून हात घालून सुलटे करायचे, हे यांचं काम. आणि या माणसाने स्वतःचे मोजे स्वतः सुलटे केले, एकात एक घालून घडी केली आणि ती टोपलीत न टाकता यांच्या हातात दिली. नाव विचारलं तर म्हणाला, स्लावोल्युब. ते कोणाला म्हणता येणार, म्हणून स्लावो. दुसऱ्या दिवसापासून हे त्याला स्लावोभाई म्हणायला लागले. मी तेव्हा मनात म्हटलं, घरी तुमचे मोजे कुठे असतात ते बघा. खाटेखाली, उलटे, गोळा झालेले. सतरा वर्षं मी वाकून काढतेय आणि सुलटे करतेय, ते तुम्हाला घास हातात धरून कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

स्लावो बचावफळीत खेळायचा. गोल करणारा नाही, समोरच्याला गोल करू न देणारा. आला तेव्हा तिशी उलटलेली होती, नाक एका बाजूला वाकलेलं, डोक्यावर केस कमी. क्लबवाल्यांना गोल करणारा हवा होता, पैशात बसला तो हा, म्हणून पहिल्या वर्षी लोक नाराजच होते. हे सगळं मला ऐकून माहीत. तेव्हा बायकांना स्टेडियममध्ये जायची परवानगी नव्हती. आमच्या गच्चीवरून समोर लाल डोंगर दिसायचे आणि सामना असला की डाव्या हाताला लोकांचा आवाज उठायचा, एवढाच माझा फुटबॉल. पण दुसऱ्या वर्षीच्या थंडीत क्लबाचं धुण्याचं मशीन बिघडलं, सुटा भाग यायला दोन महिने लागले आणि कपड्यांचे गठ्ठे आमच्या घरी यायला लागले. हाइलची थंडी ज्याने बघितली नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी दोरीवरचे शर्ट पापडासारखे कडक झालेले असायचे. त्यात पांढऱ्या चड्ड्यांवर गवताचा हिरवा डाग. त्याला गरम पाणी चालत नाही. गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो, म्हणून थंड पाण्यातच भिजवून घासायचं. माझी बोटं सुन्न व्हायची. आणि या सगळ्या ढिगात स्लावोची चार नंबरची चड्डी दर वेळी कोरी. घामाची असायची, पण डाग नाही.

मी विचारलं, "हा काय बाकावर बसून असतो?"

हे म्हणाले, "पूर्ण नव्वद मिनिटं खेळतो."

"मग पडत कसा नाही?"

तेव्हा त्यांनी मला फुटबॉल शिकवला, तोही एका वाक्यात. म्हणाले, "पडतो तो उशिरा पोचलेला असतो. स्लावोभाईंना उशीर होत नाही. चेंडू कुठे येणार ते त्यांना आधी कळतं, ते तिथे जाऊन उभे असतात." मला ते एकदम पटलं. घरकामाचंही तसंच आहे. दूध उतू गेल्यावर धावते तिची धावपळ लोकांना दिसते. जी आधीच गॅस बारीक करते तिने काय केलं, हे कोणाला दिसत नाही. पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांनी पुन्हा स्लावोभाईंचंच पुढे सुरू केलं असतं.

मशीन दुरुस्त झालं तरी चार नंबरचे कपडे घरीच येत राहिले. मशीनमध्ये त्यांचा रंग जातो, असं कारण होतं. पांढऱ्याचा रंग कसा जातो ते मी विचारलं नाही. घरात उठताबसता त्याचंच नाव. स्लावोभाई मीठ कमी खातात, स्लावोभाई दुपारी झोपत नाहीत. सामन्याआधी त्याच्या गुडघ्याला पट्टी यांनीच बांधायची. डॉक्टरने बांधली तर तो सोडून यांच्याकडे यायचा. त्यामुळे सामने सुरू असेपर्यंत यांना सुट्टी नाही, आणि घ्यायचीही नाही. चार वर्षं आम्ही गावी गेलो नाही. मी इकामा म्हणजे इथला राहायचा परवाना, तिकीट सगळं काढून बोलायला बसले की हे म्हणायचे, "स्लावोभाई जाईपर्यंत थांब गो. मग कायमचेच मोकळे." एकदा ईदला ते त्याला घरी जेवायला घेऊन आले. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण केलं होतं. गावाहून आलेली शेवटची सुकट होती ती, मी माझ्यासाठी वाटीभर बाजूला काढून ठेवली होती. तीही यांनी आत येऊन नेली. जाताना तो माणूस स्वयंपाकघराच्या पडद्यापासून चार पावलं लांब उभा राहिला, आत न बघता अरबीत म्हणाला, "शुकरन, उम्म नासिर." नासिरची आई, तुमचे आभार. माझ्या हातचं खाऊन माझे कोणी आभार मानल्याचा तो पहिला प्रसंग. त्याचाही मला रागच आला. हे त्याच्याकडून ऐकायचं नव्हतं मला.

आता लोक त्याच्याबद्दल जे सांगतात ते सगळं पाचव्या वर्षाचं आहे. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो, बेकरीवाला पावाचे पैसे घेत नाही, सगळं त्याच वर्षी. कारण त्या वर्षी तो पडायला लागला होता. लांबून धावत यायचा, गवतावरून घसरत जायचा आणि चेंडू काढून घ्यायचा. ते बघून लोक वेडे व्हायचे. गच्चीवर मला आवाज यायचा, चार वर्षांत कधी आला नव्हता इतका मोठा. गल्लीतली पोरं रेतीत तशीच घसरायची आणि त्यांच्या आया शिव्या देत पाटलोणी शिवायच्या. लोकांना वाटायचं, केवढा जिगरबाज. आमच्या घरी मात्र चार नंबरची चड्डी कमरेपासून गुडघ्यापर्यंत हिरवी होऊन येत होती. नासिरचे अब्बा ती टोपलीत सगळ्यांबरोबर ठेवत नसत. कागदात गुंडाळून, पिशवीत घालून आणायचे आणि म्हणायचे, "नीट काढ डाग. क्लबात कोणी बघायला नको." हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर जो माणूस घसरला, त्याची चड्डी हे कागदात लपवून आणत होते. मी म्हटलं, "तुमचे भाई आता उशिरा पोचतात." त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच वर्षी माझ्या मुलीची, रुकय्याची, शादी ठरली. ती गावी माझ्या आईजवळ राहून शिकत होती. मुलाकडच्यांनी पुढच्या थंडीतली तारीख दिली. मी यांना सांगितलं तेव्हा हे खाली बघत म्हणाले, "स्लावोभाई आणखी एक वर्ष करार करतायत. लोक सोडायला तयार नाहीत. थंडीत सामने असतात. तुझा भाऊ आहे ना, तो माझ्या जागी निकाहला बसेल." एकुलती एक मुलगी. तिच्या निकाहला बाप सोडून मामा बसणार, आणि बाप इथे एका परक्या माणसाच्या गुडघ्याला पट्टी बांधणार.

मग एका दुपारी, जोहर आणि असरच्या नमाजांच्या मधल्या वेळेला, दारावर थाप पडली. हे क्लबात होते. दाराची साखळी लावून मी फटीतून बघितलं तर स्लावो. हातात प्लॅस्टिकच्या पेटीतलं मोठं ब्लँकेट, गल्फमधून सगळे गावी नेतात तसलं, आठ किलोचं, त्यावर वाघ. मोडक्या अरबीत म्हणाला, मुलीसाठी. रत्नागिरीच्या उकाड्यात ते कोण अंगावर घेणार, पण त्याने आणलं. मी साखळी काढली आणि पेटी आत ओढून घेतली. तो खूश होता. बोट वर करून म्हणाला, आणखी एक वर्ष. हसन खूश. बाहेर बोळाच्या टोकाला चारपाच पोरं जमून त्याचं नाव घेत ओरडत होती.

मी आत गेले. बादलीत आदल्या दिवशीची चड्डी भिजत होती. ती पिळून घेऊन आले आणि दाराच्या फटीत त्याच्यासमोर धरली. हिरवी, सबंध डावी बाजू. मला अरबी कामापुरतं यायचं. मी म्हटलं, "अव्वल नदीफ." आधी स्वच्छ. मग म्हटलं, "अलहीन माफी नदीफ." आता स्वच्छ नाही. तीन वर्षं दर आठवड्याला मी त्याची चड्डी हातात धरली होती, त्यामुळे मला जास्त शब्दांची गरज नव्हती. त्यालाही लागली नाही. त्याने ती माझ्या हातातून घेतली, ओली होती ती त्याच्या बुटांवर ठिबकत होती, आणि डागाकडे बघत उभा राहिला. पोरं ओरडतच होती. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "खलास?"

मी म्हटलं, "खलास."

चड्डी त्याने घडी करून परत दिली. सलाम केला आणि गेला. त्याच्या भल्यासाठी मी हे केलं असं मी म्हणणार नाही. मला माझा माणूस हवा होता, रुकय्याच्या निकाहला. तेवढ्यासाठी मी ते ब्लँकेट घेतलं आणि मग ते शब्द बोलले, याच क्रमाने.

चार दिवसांनी नासिरचे अब्बा घरी आले ते जिन्यातच बसले. मी खाली गेले. म्हणाले, "स्लावोभाईंनी सही केली नाही. खेळणं सोडून चालले." मी विचारलं, "का?" म्हणाले, "गुडघा सांगतात. पण गुडघा तर मी रोज बघतो…" स्लावोने त्यांना माझं नाव सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. शेवटच्या सामन्याला लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. यांनी पट्टी बांधली. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

थंडीत आम्ही गावी गेलो. रुकय्याच्या निकाहला तिचा बाप तिच्या शेजारी बसला. काजींनी नाव पुकारलं तेव्हा तो ढसाढसा रडला. माझ्या आईने डोळे पुसत म्हटलं, "बापाचं काळीज." मी मान हलवली. मला ठाऊक होतं ते रडणं सगळं रुकय्याचं नव्हतं. अर्धं होतं का पाव होतं, ते मी आजही ठरवू शकत नाही. मी जिंकले होते, आणि जिंकून जे हातात आलं ते तसं होतं. हाइलला परतल्यावर ते आणखी बरीच वर्षं क्लबात कामाला होते, पण चार नंबरचे कपडे मशीनमध्ये जायला लागले. पुढे बायकांना स्टेडियम खुलं झालं तेव्हा ते मला एकदा घेऊन गेले. मी कोण किती वेळा पडतो तेवढं बघत बसले. मध्यंतरात ते म्हणाले, "आज स्लावोभाई असते तर…" मी उठून चहा आणायला गेले.

आता हे सगळं लिहायचं कारण. स्लावो गेल्यावर दोन आठवड्यांनी क्लबाने एक फिल्म काढली. नासिरचे अब्बा गेल्यानंतरच्या वर्षी तो हाइलला पाहुणा म्हणून आला होता, तेव्हाचं त्याचं बोलणं त्यात आहे. त्याला विचारलंय, लोक आणखी एक वर्ष मागत होते तर तू सोडलंस का? नासिरने मला त्याचं उत्तर मराठीत सांगितलं. स्लावो म्हणतो, "सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. फक्त माझे कपडे जिथे धुतले जायचे, तिथून मला खरं सांगितलं गेलं. त्या हातांचा मी ऋणी आहे." त्यावर क्लबाने लगेच नासिरच्या अब्बांचा फोटो दाखवला आणि खाली नाव लिहिलं, या वेळी बरोबर, हसन. नासिर लहान मुलासारखा रडला. इकडच्या बत्हा बाजारातल्या आमच्या कोकणी दुकानदारांपासून रत्नागिरीपर्यंत फिल्म फिरली. हे ज्यात छापून येतंय त्या पुरवणीच्या लोकांनीही नासिरला त्याच्या अब्बांवर लिहायला सांगितलं होतं, स्लावोला खरं सांगणारा कोकणी माणूस म्हणून.

स्लावोने माझं नाव का घेतलं नाही ते मला कळतं. परक्या बाईचा उल्लेख चारचौघांत करू नये, हे तो पाच वर्षांत इथे शिकला होता. त्याने माझी लाज राखली. पण त्या फिल्ममधले हात यांचे नव्हते. हे तर डाग कागदात गुंडाळत होते. मी नासिरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, राहू दे ना. अब्बांच्या नावावर राहू दे." मी म्हटलं, "तुझ्या अब्बांना कधी कोणी काही दिलं नाही, ते मला ठाऊक आहे. पण हे माझं आहे. कागद आण, मी लिहिते." चौथीपर्यंतची मराठी शाळा झाली आहे माझी, तेवढी पुरली.

एक गोष्ट राहिली. रुकय्याच्या शादीहून परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी सवयीने खाटेखाली वाकले तर तिथे मोजे नव्हते. खाटेच्या कडेवर होते. सुलटे केलेले, एकात एक घालून घडी केलेले. त्या दिवसापासून जाईपर्यंत त्यांनी एकदाही मोजे उलटे टाकले नाहीत. आधी मला वाटलं, माझ्यासाठी करतात. मग लक्षात आलं ती घडी कोणाची आहे. त्यांना मी विचारलं नाही. त्यांचे सगळे कपडे मी हाइललाच वाटून टाकले, फक्त शेवटचा एक जोड इथे घेऊन आले. माझ्या कपाटात डाव्या कोपऱ्यात आहे, त्यांनी ठेवला तसाच. मोजे माझ्या माणसाचे आहेत. घडी त्या दुसऱ्याची आहे. घडी मोडावी म्हणून मी दोनतीनदा तो हातात घेतला… आणि तसाच परत ठेवला.